पार्श्वभूमी : सोळाव्या वर्षीची गाडी

दहावीचा निकाल लागला की खानदेशातल्या बऱ्याच घरांत गाडीची चावी पोराच्या हातात येते. जळगावला नाहीतर धुळ्याला क्लास लावलेला असतो आणि तो सुटेपर्यंत गावाकडची एसटी निघून गेलेली असते. मग सव्वाशे सीसीची स्कूटर, ट्रिपल सीट आणि महामार्गावर केळीच्या ट्रकला मारलेला कट. काही विपरीत घडलं की पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "पोऱ्या वाया गया." हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. हाच पोरगा आईला मागे बसवून दवाखान्यात नेतो तेव्हा खड्डे चुकवत, जपून चालवतो.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात हाच फरक दिसला. पडद्यावरच्या गाडीच्या खेळात १३ ते १६ वयाच्या मुलांनी दोस्त बघत असताना एकट्याच्या दुपटीहून जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांवर दोस्तांचा काही परिणाम झाला नाही. धोका पोरांना कळत नाही असं नाही. बक्षिसाची, वाहवाची ओढ वयात येतानाच उसळते आणि तिला लगाम घालणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत राहतो. आपल्या भाषेत या वयाला गद्धेपंचविशी म्हणतात, तेही सोळा ते पंचवीस असंच धरून.

पूर्वी हीच रग विहिरीवर जिरायची. पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली पोरं थारोळ्यावरून, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या जागेवरून, मुटके मारत, पण काठावर काका उभा असे.

कायद्यात मात्र वयाचा गुंता आहे. बालगुन्हेगारीच्या कायद्यात मुलग्यांची मर्यादा १९८६ साली १६ होती, २००० साली १८ झाली, आणि २०१५ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्यांवर प्रौढांसारखा खटला चालू शकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी परवाना दिला, पण बिनगिअरच्या गाडीपुरता; १९९४ च्या दुरुस्तीने तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरता केला. लुनासारख्या मोपेडच्या काळात त्याला अर्थ होता. पुढे त्या गाड्या दुकानांतून गेल्या, परवाना कागदावर राहिला आणि पोरांच्या हाती सव्वाशे सीसी आली.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना हा कायदा मोडला, तर २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. गाडी पालकाच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करणं बापावर. रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असताना खुंटीवरची चावी गेली, तर त्याने ते कसं सिद्ध करावं? मालकावर वचक हवाच, पण मागच्या सीटवरून "अजून ताण, अजून ताण" म्हणणारे दोघे या कलमात कुठेच नाहीत. ट्रिपल सीटची पावतीही गाडीच्याच नावाने फाटते.