मॉर्गन डॉलरवरची दुहेरी अक्षरं: डबल डाय की मशीन डबलिंग?

जुन्या अमेरिकन चांदीच्या डॉलरवर भिंगाखाली एखाद्या अक्षराला दुसरी कड दिसली, की विकणारा लगेच 'डबल डाय' म्हणतो आणि किंमत चढवतो. बहुतेक वेळा ते असतं मशीन डबलिंग. डबल डायच्या गाजलेल्या नाण्यासाठी संग्राहक साध्या नाण्याच्या कितीतरी पट मोजतात; मशीन डबलिंगमुळे नाण्याची किंमत एका पैशानेही वाढत नाही. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात, पण दोष कुठे घडला हे एकदा कळलं की गोंधळ फारसा उरत नाही.

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. त्यांची डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा पोलादी ठसा, तयार होई ती हबने. हबवर नाण्यासारखंच उठावाचं चित्र असतं. तो पोलादात दाबला की खोलगट चित्राची डाय मिळते. एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. दाबाखाली पोलाद कडक होई, म्हणून डाय तापवून मऊ करायची आणि पुन्हा हबखाली ठेवायची. दुसऱ्या खेपेला ती केसभर फिरली किंवा सरकली, तर डायमध्येच दोन प्रतिमा कोरल्या जात. हीच डबल डाय. तिच्याखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष, त्याच जागी, तसाच उमटतो.

मशीन डबलिंगमध्ये डाय निर्दोष असते. नाणं ठोकताना ती पकडीत सैल असेल, तर ठोक्याच्या क्षणी उसळते किंवा सरकते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड दाबून चपटी करते. रबरी शिक्काच दुहेरी कोरलेला असणं आणि चांगला शिक्का मारताना हात हलणं, एवढाच फरक. पुढच्या ठोक्याला तो दोष वेगळा दिसेल किंवा दिसणारही नाही.

आता भिंगातून पाहू. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमा उठावाच्या, गोलसर कडांच्या असतात. अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं आणि टोकांशी दोन प्रतिमा वेगळ्या होतात तिथे खाच दिसते. मशीन डबलिंगमध्ये अक्षराच्या बाजूला नाण्याच्या सपाट भागालगत पायरीसारखी चपटी, चकचकीत पट्टी असते, आणि ती अक्षराच्याच अंगातून गेलेली असल्याने मूळ अक्षर बारीक होतं. नाणं तिरपं धरून उजेड फिरवा. ही पायरी चटकन चमकते.

मॉर्गनच्या बाबतीत आणखी एक खूण आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत भरवशाची. १८७८ ते १९०४ च्या डॉलरवर साल आणि टांकसाळीचं चिन्ह हबवर नव्हतंच. ते तयार डायवर वेगळ्या पंचाने, म्हणजे छोट्या पोलादी छापाने, ठोकत. त्यामुळे हबच्या चुकीने गरुड आणि अक्षरं दुहेरी झाली तरी त्यांच्याबरोबर ते चिन्ह त्याच दिशेला सरकू शकत नाही. मागच्या बाजूला आसपासची अक्षरं आणि गरुडाखालचं 'ओ' (न्यू ऑर्लिन्स) किंवा 'एस' (सॅन फ्रान्सिस्को) हे चिन्ह, सगळंच एकाच दिशेला ढकललेलं दिसत असेल, तर ते मशीन डबलिंग. फक्त चिन्ह किंवा फक्त साल दुहेरी असेल आणि कड चपटी नसेल, तर तो पंच दोनदा मारल्याचा प्रकार. त्याचा हिशोब निराळा. झिजलेल्या डायमुळेही अक्षरांच्या कडा पसरट, धूसर दिसतात. त्यालाही किंमत नाही.

खऱ्या डबल डायची उदाहरणं पाहिली की नजर तयार होते. न्यू ऑर्लिन्सच्या १८८८ च्या 'हॉट लिप्स' डॉलरवर लिबर्टीचे (पुढच्या बाजूच्या स्त्रीमूर्तीचे) ओठ, नाक आणि हनुवटी साध्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतात. फिलाडेल्फियाच्या १९०१ च्या 'शिफ्टेड ईगल'वर गरुडाची शेपटी आणि पायांतले बाण दुहेरी आहेत. १८७८ ची गोष्ट तर फारच सुंदर आहे: आधी गरुडाला शेपटीची आठ पिसं होती, मग सात करायचं ठरलं आणि आठ पिसांच्या काही डायवर नवा सात पिसांचा हब दाबला गेला. त्या नाण्यांवर नव्या पिसांखालून जुन्यांची टोकं डोकावतात.

किंमत ठरवताना लोक 'व्हॅम' क्रमांकाला भुलतात. लेरॉय व्हॅन ॲलन आणि ए. जॉर्ज मॅलिस यांनी मॉर्गन आणि त्यानंतरच्या चांदीच्या पीस डॉलरच्या डायची यादी केली, त्यांच्या आडनावांवरून हे नाव आलं. पण क्रमांक अगदी साध्या डायच्या जोडीलाही मिळतो. क्रमांक आहे म्हणून नाणं दुर्मीळ ठरत नाही. पैसे मिळतात ते दोष डोळ्यांना ठळक दिसत असेल, मागणाऱ्यांची संख्या मोठी असेल आणि नाण्याची अवस्था चांगली असेल तर. 'हॉट लिप्स' बहुधा झिजलेलंच सापडतं, त्यामुळे कमी झिजलेल्या नाण्याचा भाव झपाट्याने चढतो. किमतीचा तळ मात्र चांदी ठरवते: २६.७३ ग्रॅमच्या नाण्यात ९० टक्के, म्हणजे साधारण २४ ग्रॅम शुद्ध चांदी.

किती नाणी पाडली, या आकड्यावरही विसंबू नये. १९१८ च्या अमेरिकेच्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाखांची चांदी ब्रिटनने भारतासाठी घेतली. महायुद्धात इथे चांदीच्या रुपयांची टंचाई होती. पंचम जॉर्जच्या त्या काळच्या रुपयांत, मुंबईच्या टांकसाळीतल्याही, ही चांदी गेली. वितळवताना कोणत्या सालाचे किती डॉलर गेले याची नोंद ठेवली नव्हती, म्हणून आज उरलेल्यांचा अंदाज बाजारात काय दिसतं त्यावरूनच बांधावा लागतो.

तेव्हा डबल डाय म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी ते नाणं त्या व्हरायटीच्या (त्याच डायच्या प्रकाराच्या) खात्रीच्या छायाचित्राशेजारी ठेवा. नुसतं दुहेरीपण पाहू नका. सालाचे आकडे लिबर्टीच्या गळ्याच्या टोकापासून आणि कडेच्या दातांपासून किती अंतरावर आहेत, चिन्ह किती कललंय, डायच्या बारीक रेघा कुठे आहेत, हेही जुळलं पाहिजे. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू तपासा.