माइक ओल्डफिल्ड

माइक ओल्डफिल्ड (जन्म १५ मे १९५३, रेडिंग, इंग्लंड) हा ब्रिटिश संगीतकार, प्रोग्रेसिव्ह रॉकमधला (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बहुवाद्यवादक. म्हणजे गिटार, बेस, मॅन्डोलिन, पियानो, ऑर्गन, टिंपनी, जे हाताला लागेल ते वाजवणार आणि एकावर एक थर चढवत एकट्याने अख्खा वाद्यवृंद उभा करणार. बऱ्याच लोकांना तो फक्त 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटामधल्या त्या पियानोमुळे माहीत असतो, पण ती धून त्या सिनेमासाठी केलेलीच नव्हती, ती त्याच्या 'ट्युब्युलर बेल्स' या रेकॉर्डची सुरुवात आहे, सिनेमात नंतर घेतली.

वडील डॉक्टर, आई आयरिश नर्स. आईच्या मानसिक आजारामुळे घरात सतत ताण असायचा आणि हा मुलगा खोलीत गिटार घेऊन तासन्‌तास बसायचा. पंधराव्या वर्षी मोठी बहीण सॅली हिच्यासोबत 'सॅलीअँजी' नावाची फोक म्हणजे लोकसंगीताची जोडी केली, मग १९७० मध्ये केविन एअर्स या इंग्रज गायकाच्या बँडमध्ये बेसिस्ट झाला. त्यांचं रेकॉर्डिंग लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत चालायचं, तर हा बाकीच्यांच्या आधी जाऊन तिथली कपाटं उघडून आत जी वाद्यं मिळतील ती वाजवून बघायचा. बहुवाद्यवादक कसा घडतो ते इथेच दिसतं, क्लास लावून नाही, हात घालून.

एअर्सने त्याला एक दोन ट्रॅकचं टेप मशीन वापरायला दिलं. अशा मशीनमध्ये नवीन आवाज टेपवर जायच्या आधी जुना पुसणारं एक हेड असतं. याने त्या हेडवर पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला, म्हणजे जुनं पुसलंच जाईना आणि त्याच्यावर नवीन वाद्य चढवता यायला लागलं. ही एवढीशी युक्ती म्हणजे त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाचं बी आहे असं माझं ठाम मत आहे. लंडनमधल्या फ्लॅटवर असे डेमो, म्हणजे नमुना रेकॉर्डिंग, करून तो कंपन्यांच्या दारात गेला, सगळ्यांनी परत पाठवलं, गाणी नाहीत शब्द नाहीत, विकायचं काय म्हणून.

शेवटी ऑक्सफर्डशायरमधल्या द मॅनॉर स्टुडिओत टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या इंजिनियर्सना डेमो आवडला, त्यांनी तो स्टुडिओचा मालक आणि व्हर्जिन कंपनीचा संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन याच्या लोकांपर्यंत पोचवला आणि १९७२ च्या शेवटी त्याला स्टुडिओ एक आठवडा मिळाला, त्यात रेकॉर्डच्या तबकडीची पहिली बाजू झाली आणि दुसरी पुढच्या वर्षी. २५ मे १९७३ ला 'ट्युब्युलर बेल्स' आला, व्हर्जिन कंपनीचा पहिलाच अल्बम, तेव्हा हा जेमतेम वीस वर्षांचा. सुरुवातीचा पियानो नीट मोजून बघा, सात मात्रा मग आठ, सात मग आठ, म्हणजे रूपक आणि केरवा आळीपाळीने ठेवल्यासारखं, म्हणून ती धून कधी बसल्यासारखी वाटत नाही, सारखी पुढे ढकलत राहते. आणि पहिल्या बाजूच्या शेवटी व्हिव्हियन स्टॅनशॉल हा इंग्रज गायक एकेका वाद्याचं नाव पुकारतो, ते येतं, आधीच्यावर बसतं, थर वाढत वाढत शेवटी त्या उभ्या नळ्यांच्या घंटा वाजतात. अंगावर काटा येतो, आजही.

रेकॉर्ड दीड कोटीच्या वर विकली गेली, १९७५ ला ग्रॅमी मिळालं, पण त्याला स्वतःला तेव्हा पॅनिक अटॅक यायचे, गर्दी आणि मुलाखती झेपेनात, म्हणून तो शहर सोडून वेल्सच्या सीमेवर डोंगराजवळ राहायला गेला. त्या डोंगराच्याच नावाचा 'हर्जेस्ट रिज' (१९७४) ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला आणि त्याला तिथून खाली ओढलं ते त्याच्याच 'ट्युब्युलर बेल्स'ने. मग 'ओमाडॉन' (१९७५). याचं काम चालू असताना आई गेली. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा अल्बम, आफ्रिकन ढोल, पॅडी मोलोनीचे आयरिश पाइप्स (बॅगपाइपसारखं वाद्य) आणि पहिल्या बाजूच्या शेवटी जी गिटार किंचाळते ती नुसत्या तंत्राने वाजत नाही.

ऐंशीच्या दशकात कंपनीला छोटी गाणी हवी होती, ती पण याने दिली, मॅगी रायलीने गायलेलं 'मूनलाइट शॅडो' (१९८३) युरोपभर गाजलं, 'द किलिंग फील्ड्स' या सिनेमाचं संगीतही त्याचंच. पण व्हर्जिनशी बिनसत गेलं आणि १९९० मध्ये 'अमारॉक' आला, तासाभराचा एकच ट्रॅक, कुठून कापून सिंगल काढायची सोयच नाही, आणि आत मोर्स कोडमध्ये ब्रॅन्सनला शिवी. कंपनी बदलून १९९२ ला 'ट्युब्युलर बेल्स २', निर्माता ट्रेव्हर हॉर्नबरोबर, त्याचा पहिला कार्यक्रम एडिनबरा किल्ल्यावर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनातही तो वाजवायला होता.

नंतर तो बहामाजमध्ये नसाऊला स्थायिक झाला. तिथल्या घरच्या स्टुडिओत त्याने 'रिटर्न टू ओमाडॉन' (२०१७) केला, पुन्हा दोन लांब बाजू, पुन्हा सगळी वाद्यं स्वतःच्या हाताने. २०२३ मध्ये 'ट्युब्युलर बेल्स'ला पन्नास वर्षं झाली तेव्हाच्या आवृत्तीत चौथ्या भागाची सुरुवात म्हणून केलेला आठेक मिनिटांचा एक तुकडा आला आणि त्याच सुमारास तो निवृत्त झाल्याचं जाहीर झालं. चौथ्या भागाची तेवढी सुरुवातच आहे.