चहा त्याला करू द्या

रुग्णालयातून घरी येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या सकाळी माझा मावसभाऊ स्वतःहून उठला, ओट्याशी गेला आणि चहाचं आधण ठेवलं. गोळ्यांमुळे हात थरथरत होते, साखरेचा चमचा डब्याच्या कडेला वाजत होता. तेवढ्यात मावशी आली. "राहू दे रे बाळा, सांडशील. तू बस, मी करते." तो बसला नाही. खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून दुपारपर्यंत पडून राहिला.

मावशीने त्याला वर्षभर तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. तिच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण त्याला झालेल्या स्किझोफ्रेनियातून, म्हणजे भास आणि संशय यांनी घेरणाऱ्या मानसिक आजारातून, माणसं कशी सावरतात यावर जे संशोधन झालं आहे, त्यात ओट्याजवळच्या अशा एकेका मिनिटाला फार मोठी जागा आहे.

1950 च्या दशकात नवी औषधं आली आणि लंडन परिसरातल्या मनोरुग्णालयांतून बरीच वर्षं राहिलेली माणसं घरी जाऊ लागली. पुढे त्यांचं काय होतं, याचा माग जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने काढला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले जास्त चांगले सावरतील, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा यांचंच दुखणं जास्त उलटलं. मग संशोधकांनी घरच्यांशी तासन् तास बोलून ते रुग्णाबद्दल काय आणि कोणत्या सुरात बोलतात, हे मोजायला सुरुवात केली. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या: घालूनपाडून बोलणं, तिटकारा, आणि श्वास कोंडेल इतकी काळजी. या मोजमापाला 'व्यक्त भावना' असं नाव पडलं. 1976 साली ख्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आपले आणि आधीचे आकडे एकत्र मांडले. जिथे या गोष्टींची पातळी वरची होती, त्या घरांत नऊ महिन्यांत सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार उलटला. शांत घरांत हेच प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे चंडीगडमध्येही अशी पाहणी झाली. तिथल्या कुटुंबांत टीका आणि अतिकाळजी लंडनपेक्षा बरीच कमी आढळली.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरच्यांमुळे हा आजार होत नाही. एके काळी आईच्या वागण्याला दोष देणारा सिद्धांत मानसोपचारात मिरवत होता. तो चुकीचा ठरला, पण तोवर कितीतरी आयांनी आयुष्यभराचा अपराधीपणा उरावर घेतला. आजार आधी येतो. घरातला ताण त्याला पुन्हा डोकं वर काढायला वाव देतो.

आणि टीका तरी कशावर होते? भास किंवा संशय यांवर घरचे तितकेसे चिडत नाहीत, कारण ते आजाराचेच आहेत हे दिसतं. चीड येते ती अंघोळ न करण्याची, दिवसभर लोळण्याची, एका शब्दात उत्तर देण्याची. "अंगात आळस भिनलाय नुसता!" पण उत्साह आटणं आणि बोलणं कमी होणं हीसुद्धा या आजाराची लक्षणं आहेत. हे एकदा मनापासून पटलं की घरातला सूर आपोआप खाली येतो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता पुन्हा त्या चहाकडे. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली असं मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास मुख्यतः स्वतः करून पाहिल्याने येतो. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं पाहणं आणि कुणी धीर देणं यांचाही उपयोग होतो, पण स्वतःच्या हाताने पार पाडलेल्या कामाची सर त्यांना नाही. आजारातून उठलेल्या माणसाने आधीच मनाशी घेतलेलं असतं, 'आपण आता वेडेच, करून तरी काय उपयोग?' आपण मायेने हातातलं काम काढून घेतो तेव्हा त्याच वाक्याला दुजोरा देतो.

औषधांची जागा यातलं काहीच घेत नाही. गोळ्या परस्पर बंद केल्या तर शांत घरातही आजार उलटू शकतो. पण औषधांच्या जोडीला घरच्यांनाही आजार समजावून दिला, बोलावं कसं हे शिकवलं, तर तो उलटण्याचं प्रमाण बरंच घटतं, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे. आपल्याकडे पुण्या-ठाण्यातले आधारगट हेच काम करतात. तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द फार आवडतात, कारण शुभार्थी म्हटलं की काहीतरी मागणारा, शोधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

मावशी अशाच एका गटात जायला लागली. पहिल्या महिन्यात ती नुसती रडायची. मग एकदा घरी येऊन तिने साखरेचा डबा वरच्या फळीवरून काढून त्याच्या हाताला येईल असा खाली ठेवला आणि स्वतः बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. ती अर्धी उठली, पदर मुठीत घट्ट धरला आणि पुन्हा बसली. बऱ्याच वेळाने तो दोन कप घेऊन बाहेर आला. बशीत चहा सांडला होता. साखर जरा जास्तच पडली होती.