पट्टीवरचे नाव आणि कारखान्याचे नाव: जुन्या जपानी शिलाई मशीनची ओळख

जुन्या जपानी शिलाई मशीनचे छायाचित्र कोणी दाखवले, की "हे सिंगरच आहे" असे उत्तर हमखास मिळते. सिंगर या अमेरिकी कंपनीचे पंधरा नंबरचे, म्हणजे सरळ टाक्याचे साधे मशीन बहुतेकांच्या हाताखालून गेलेले असल्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक जपानी कारखान्यांनी तीच रचना उचलली आणि मापेही सारखी ठेवली, त्यामुळे सिंगरची बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, ठेवायची डबी) चपखल बसली, एवढ्यावरून मशीन सिंगरचे ठरत नाही. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' ही अक्षरे असतील, तर मशीन अमेरिकी ताब्याच्या काळातले, म्हणजे साधारण १९५२ पर्यंतचे, एवढेच समजावे.

खरी गल्लत नावाची आहे. निर्यातीच्या मशीनवर आयातदार किंवा दुकानदार आपल्या पसंतीचे नाव लावून घेत असे, आणि एकाच कारखान्यातले मशीन अनेक नावांनी विकले जाई. त्यामुळे ठळक अक्षरांतले नाव मशीन कोणी विकले ते सांगते. ते कोणी घडवले, हे निराळ्याच ठिकाणी शोधावे लागते.

केनमोर हे याचे उत्तम उदाहरण आहे. केनमोर हे सिअर्स या अमेरिकी विक्रेत्या कंपनीचे नाव. त्या नावाचा शिलाई मशीनचा कारखाना कधीच नव्हता. मशीनवरच्या छोट्या धातूच्या पट्टीवर '१५८.१०४०' असा क्रमांक असतो. त्यातले ठिपक्यापूर्वीचे तीन अंक पुरवठादाराचे आणि नंतरचे अंक मॉडेलचे. ११७ म्हणजे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची व्हाइट कंपनी, १५८ म्हणजे जपानची मारुझेन, जी पुढे जग्वार या नावाने ओळखली गेली, आणि ३८५ म्हणजे जपानचीच जानोमे. सिअर्स अशी पुरवठादार-संख्या इतर वस्तूंनाही देत असे. ११० म्हणजे व्हर्लपूल, हे धुलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांना पाठ असते.

असे असताना विकणारे लोक "केनमोर १०४०" एवढेच लिहून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो, कारण निर्मात्याचा पत्ता सांगणारे तीन अंक त्यांनी स्वतःच्या हाताने गाळलेले असतात. पट्टीवर साठलेल्या तेलाने आणि धुळीने ठिपका भरून गेलेला असतो. मऊ कापडाने पट्टी पुसून, उजेड तिरपा पडेल असा दिवा धरला, की तो दिसतो. विकत घेण्याआधी या पट्टीचे छायाचित्र मागावे आणि ते देण्याची टाळाटाळ होत असेल, तर ते मशीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जानोमे नावाचाही उलगडा येथेच करतो. हा शब्द 'सापाचा डोळा' या अर्थाचा असून तो गोल बॉबिनवरून आला. १९२१ मध्ये ही कंपनी पाइन या नावाने सुरू झाली होती. मात्र गोल बॉबिन दिसली म्हणून मशीन जानोमेचे मानू नये, कारण पंधरा नंबरच्या प्रत्येक नकलेत ती गोलच असते.

निर्माता कळला तरी प्रेसर फूट, म्हणजे शिवताना कापड दाबून धरणारा सुटा भाग, मागवण्याची घाई करू नये. तो ज्या दांडीला स्क्रूने बसतो, तिची लांबी मशीनगणिक वेगळी असते. १५८ ने सुरू होणाऱ्या मशीनमध्ये आखूड दांडीची आणि खूप लांब दांडीची अशी दोन्ही मशीने आहेत. फूट खाली टेकवून त्याच्या तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजावे: अर्धा ते पाऊण इंच भरले तर दांडी आखूड, सव्वा इंच भरले तर लांब, त्याहून जास्त भरले तर खूप लांब.