राज्याचं नियोजन: डोकी नव्हे, वयं मोजा

एखाद्या राज्याचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तेव्हा लोकसंख्या किती असेल? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या वयाचे किती लोक असतील, हे विचारायला हवं. शाळा, रोजगार, दवाखाने, पेन्शन या सगळ्यांची गरज वयावर ठरते.

शिवाय वयाच्या बाबतीत भविष्य बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं. २०६० साली जे पासष्टी गाठतील, ते आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांचा अंदाज बांधावा लागत नाही, त्यांना मोजता येतं. लोकसंख्याशास्त्रज्ञ एकेक वयोगट पुढे सरकवत नेतात, मृत्युदराप्रमाणे वजाबाकी करतात आणि जन्म व स्थलांतराचा हिशेब जोडतात. इंग्लिश अर्थतज्ज्ञ एडविन कॅनन यांनी १८९५ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी अशी आकडेमोड केली होती. आजचे अधिकृत अंदाजही मुख्यतः याच रीतीने निघतात.

या हिशेबातून निघणारी एक गोष्ट अनेकांना पटत नाही. स्त्रीमागे सरासरी २.१ मुलं झाली तर पिढी आपली जागा भरून काढते. चीनमध्ये हा आकडा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याखाली गेला, तरी तिथली लोकसंख्या घटायला २०२२ उजाडलं. कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली वयात येत होत्या. प्रत्येकीला मुलं कमी, पण आयाच जास्त. आता हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये हा दर ०.७२ होता. उद्या तो वाढला तरी आई होणाऱ्या मुलींची संख्याच कमी असेल.

समाज म्हातारा होण्याचा वेगही बघायला हवा. ६५ वर्षांवरच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली, जपानला जेमतेम २४. फ्रान्सला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली उसंत आता कुणालाच मिळणार नाही.

लोक कमी झाले की खर्चही कमी होईल, असं वाटतं. तसं होत नाही, हे पूर्व जर्मनीने दाखवून दिलं. १९९० नंतर तिथले कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले, जन्म एकदम घटले. सुमारे दहा लाख घरं रिकामी पडली आणि २००२ पासून ती पाडण्यासाठी सरकारला खास कार्यक्रम हाती घ्यावा लागला. पण त्रास जमिनीखालीही होता. मोठ्या वस्तीसाठी टाकलेल्या जाड पाइपांतून पाणी संथ वाहू लागलं, साचू लागलं. ते खराब होऊ नये म्हणून चांगलं पाणी सोडून पाइप धुवावे लागत. सांडपाण्याच्या वाहिन्यांत ओघ कमी पडून गाळ बसे. देखभालीचा खर्च तोच, भरणारे मात्र कमी. म्हणजे मागे राहिलेल्या माणसाचं बिल वाढतं. ही माणसं बहुधा म्हातारी असतात, म्हणून मला हा सगळ्या हिशेबातला सर्वांत अन्यायाचा भाग वाटतो.

याच भागातल्या लाइपझिगची गोष्ट मात्र वेगळी. १९९०च्या दशकात या शहरातून माणसं निघून चालली होती, शाळा बंद होत होत्या. २०१० नंतर रोजगार आणि स्वस्त घरांमुळे ते जर्मनीतल्या झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या शहरांत जाऊन बसलं आणि पुन्हा शाळा बांधण्याची वेळ आली. वय सांगता येतं. माणूस कुठे राहायला जाईल, हे नाही. स्थलांतर नोकऱ्यांच्या मागे जातं आणि नोकऱ्यांचं भाकीत दहा वर्षांचंही धड टिकत नाही.

म्हणून आराखड्यातले निर्णय दोन वेगळ्या खात्यांत मांडायला हवेत. पेन्शन, वृद्धांची शुश्रूषा, परिचारिकांचं प्रशिक्षण ही वयावर ठरणारी कामं आजच सुरू करता येतात. तिथे वाट बघायला सबब नाही. शाळा, पाणीयोजना, नव्या वसाहती यांत स्थलांतराचा वाटा मोठा. त्या टप्प्याटप्प्याने बांधाव्यात, दर पाच वर्षांनी आकडे तपासून पुढचा टप्पा ठरवावा, आणि शाळेची इमारत अशी असावी की मुलं कमी झाली तर तिथे दवाखाना चालवता येईल.