चालान गाडीला, चूक चालकाची

आमच्या घरची स्कूटर बाबांच्या नावावर आहे. चालवतो मी, भाऊ आणि अधूनमधून पुतण्या. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाबांच्या मोबाइलवर चालानचा मेसेज आला. नागपूरचा शंकरनगर चौक, सिग्नल तोडला. फोटो उघडून पाहिला तर पाठमोरा माणूस, डोक्यावर हेल्मेट, अंगात रेनकोट. ओळखू येत होती ती फक्त नंबर प्लेट. "कोण गेलं होतं बे शंकरनगरला?" बाबांनी विचारलं. मीच गेलो होतो. पिवळा दिवा दिसल्यावर ब्रेक लावायच्या ऐवजी मी अॅक्सिलरेटर पिळला होता.

दंड भरला. पुढचे तीन-चार आठवडे त्या चौकात माझं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडेच थांबायचं. दिवाळीपर्यंत ते भान पार ओसरलं होतं.

असं भान किती टिकतं, याचं मोजमाप कॅनडात झालेलं आहे. ऑन्टॅरिओ प्रांतात डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवघेण्या अपघातात सापडलेल्या 8,975 चालकांच्या नोंदी तपासल्या. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या अभ्यासाची खुबी त्याच्या पद्धतीत आहे. बेदरकार माणसाची तुलना सावध माणसाशी केली, तर फरक शिक्षेचा की स्वभावाचा हे कळत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक चालकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली: अपघाताच्या आधीच्या महिन्यात त्याला वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल शिक्षा झाली होती का, आणि तशाच एखाद्या इतर महिन्यात झाली होती का? शिक्षेनंतरच्या महिन्यात जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 35 टक्के कमी निघाला. शिक्षेनंतरच्या दुसऱ्या महिन्यात हा फायदा बराच घटला आणि तीन-चार महिन्यांत दिसेनासा झाला. वेगमर्यादा मोडणाऱ्यांमध्ये नुसत्या दंडापेक्षा दंडगुणांसह झालेल्या शिक्षेचा परिणाम जास्त होता.

दंडगुण म्हणजे चालकाने केलेल्या चुकीबद्दल त्याच्या परवान्यावर चढणारे गुण. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत 12 गुण साचले की सहसा परवाना निलंबित होतो. गाडी चालवताना हातात मोबाइल सापडला तर एका फटक्यात 6 गुण, आणि नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत 6 गुणांवरच रद्द होतो. म्हणजे नवशिक्याने एक फोन उचलला की पुन्हा परीक्षेला बसायचं. स्पेनने 2006 मध्ये उलटी मोजणी सुरू केली: हातात 12 गुण, नवशिक्याला 8, आणि प्रत्येक गंभीर चुकीला त्यातून कपात. इटलीत दोन वर्षं चूक केली नाही तर 2 गुण वाढवूनही मिळतात.

पैशांच्या दंडात एक अन्याय आहे. हजार रुपये मोठ्या गाडीवाल्याच्या खिजगणतीत नसतात. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराचा त्यात अख्खा दिवस जातो. गुण मात्र दोघांना सारखेच जड. शिवाय दंड भरला की खातं मिटतं, गुण मागे राहतात. कॅनडाच्याच क्युबेक प्रांतातल्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं, की खात्यावर गुण साचत जातात तसा चालक जास्त सांभाळून चालवतो, कारण परवाना गमावण्याची शक्यता जवळ आलेली असते.

पण ही जादूची कांडी नाही. जगभरच्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र करून दोन स्पॅनिश संशोधकांनी 2012 मध्ये निष्कर्ष काढला: सुरुवातीला अपघात, मृत्यू आणि जखमींमध्ये 15 ते 20 टक्के घट होते आणि दीड वर्षाच्या आतच ती विरू लागते. नवा नियम आला की लोक बिचकतात. मग पकडलं जायची शक्यता फारशी नाही हे कळतं, आणि गाड्या पुन्हा सुसाट.

आपल्याकडे 2014 च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात दंडगुण होते. पण 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा मुख्य भर दंडाच्या रकमा वाढवण्यावर राहिला. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. तासाला 19. त्यात हेल्मेट नसलेले दुचाकीवरचे 50,029 जण होते. हे आकडे लिहिताना हात थांबतो.

नागपुरात दंडगुण आणायचे तर खरी अडचण बाबांच्या मोबाइलवर आलेल्या त्या फोटोत आहे. कॅमेरा गाडी ओळखतो, माणूस नाही. गाड्यांची नोंद 'वाहन' प्रणालीत, परवान्यांची 'सारथी'त; चालान फाटतं मालकाच्या नावाने. बाबांनी कित्येक वर्षांत स्कूटरला हात लावलेला नाही. माझ्या चुकीचे गुण त्यांच्या परवान्यावर चढले तर माझ्या डोक्यात काय फरक पडणार? कामठी रोडने रात्री जाणाऱ्या ट्रकचंही तसंच. जादा माल भरायला लावणारा एक, स्टिअरिंगवर दुसरा. जादा मालाचे गुण एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारणं मला मान्य नाही. त्याचा परवाना म्हणजे त्याची भाकरी आहे.

आणि चूक कळण्यात उशीर नको. नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसमध्ये समोरच्या धोक्याची सूचना देणारी यंत्रं बसवली गेली. तिथे चालकाला त्याच क्षणी कळतं. चालानचा मेसेज आठवड्यांनी आला, तर आपण त्या चौकात काय केलं होतं हे कुणाला आठवतं?

मालक की चालक, हा पेच ब्रिटनने सरळ सोडवला आहे. गाडीच्या मालकाला नोटीस जाते: त्या वेळी कोण चालवत होतं ते 28 दिवसांत कळवा. नाही कळवलं तर 6 गुण मालकालाच. बाबांचाच प्रश्न, फक्त कायद्याच्या भाषेत.

पुतण्याला यंदा परवाना मिळाला. स्कूटरची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असते. हल्ली ती कुणीही काढली, की आतल्या खोलीतून बाबा विचारतात, "कोण चाललं बे?" आणि नाव सांगितल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही.