जुन्या कंपायलरची साथ आम्ही कधी सोडतो
(आमची वजनकाटा लायब्ररी वापरणाऱ्या ग्राहकांसाठी, इंदूर)

पुढच्या आवृत्तीपासून आमची लायब्ररी (काट्याचं वजन तुमच्या प्रोग्रॅममध्ये वाचून देणारा तयार कोड) जीसीसी ४.८ या कंपायलरवर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनावर, कंपाइल होणार नाही. पीथमपूर आणि सांवेर रोडवरच्या बऱ्याच ग्राहकांकडे अजून सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचे पीसी आहेत आणि त्यात हाच कंपायलर येतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

प्लांटमध्ये आज जे चालू आहे ते चालूच राहील. कंपायलर लागतो तो प्रोग्रॅम नव्याने बनवताना.

नुसता जुना झाला म्हणून आम्ही कंपायलर सोडत नाही. तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येतो तिचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले, की तिथून पुढे एक वर्ष थांबतो. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. ते वर्षही उलटलं.

४.८ सांभाळणं किती जड जातं ते एका प्रसंगावरून कळेल. काट्याकडून ‘एसटी, जीएस, +००१२.५० केजी’ अशी ओळ येते. एसटी म्हणजे वजन स्थिर, जीएस म्हणजे एकूण वजन. ही ओळ फोडायला आम्ही सी++ मधलं तयार रेजेक्स (ठरावीक नमुन्याने मजकूर ओळखायची सोय) वापरलं. ४.८ वर ते बिनतक्रार कंपाइल झालं आणि ग्राहकाकडे प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडला. ४.८ मध्ये रेजेक्सचं हेडर (सोय आहे असं कंपायलरला सांगणारी फाइल) आहे, पण आतलं काम ४.९ मध्ये पूर्ण झालं! आमच्याकडे काम करणारा मुलगा रात्रपाळी सुटेपर्यंत तिथे बसून होता. तेव्हापासून अशी प्रत्येक गोष्ट आम्ही हाताने लिहितो आणि दोनदा तपासतो. तो वेळ नव्या काट्यांवर लागायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

यापुढे किमान जीसीसी ८ लागेल. अल्मालिनक्स ८ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तोच आहे आणि तिचे सिक्युरिटी अपडेट २०२९ पर्यंत मिळतील, म्हणजे तोवर तरी हा प्रश्न पुन्हा निघणार नाही. पीसी बदलायचा नसेल तर सेंटओएस ७ वरच डेव्हटूलसेट ८ (जीसीसी ८ असलेला साधनसंच) टाकता येतो. त्यावर बनवलेला प्रोग्रॅम त्याच पीसीवर चालतो. पॅकेजेस आता जुन्या संग्रहातूनच घ्यावी लागतात. प्लांटमध्ये नेट नसेल तर आम्ही पेनड्राइव्हवर आणून देऊ.

औषध कंपन्यांची अडचण वेगळी आहे. तिथे सॉफ्टवेअरला हात लावला की व्हॅलिडेशन (ते ठरल्याप्रमाणे चालतं याची नोंदींसह तपासणी) पुन्हा करावं लागतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना घाई नको त्यांच्यासाठीही, सध्याच्या आवृत्तीतल्या गंभीर चुका आम्ही आणखी दोन वर्षं विनाशुल्क दुरुस्त करू. नवे काटे मात्र त्यात जोडले जाणार नाहीत.

आपल्या पीसीवर कोणता जीसीसी आहे ते कळत नसेल तर फोन करा, बोलता बोलताच पाहून घेऊ.